कुत्र्याजवळ थांबणाऱ्या व्यक्तीचे नाव

ब्लू गेट मोटेल, स्प्रिंगडेल, युटा
शुक्रवार, १४ सप्टेंबर २०१२

प्रिय ऑर्डिथआत्या,

आधी चूक दुरुस्त करते. बुधवारच्या पत्रात मी लिहिलं होतं की मोटेलच्या नोंदणीच्या खिडकीवर ‘आत्या येऊ शकली नाही, मी एकटीच आहे’ असं मी सांगितलं आणि तरीही त्यांनी जुबलला ठेवून घेतलं. हे खरं नाही. मी तसं सांगितलंच नाही.

हिवाळाभर तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण यादी केली, तेव्हापासून अडचण एकच होती. नॅशनल पार्कच्या पायवाटांवर कुत्र्याला बंदी. आणि आपल्याला परवडणारी जी मोटेलं कुत्रा घेतात, ती या अटीवर की त्याला खोलीत एकटं सोडायचं नाही. मी चालायला जाणार आणि तू जुबलपाशी बसणार, म्हणून तर चारही ठिकाणी आपण दोघींच्या नावाने खोल्या घेतल्या. मग तू ऑगस्टमध्ये पायरीवरून पडलीस, खुब्याचं हाड गेलं, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, आणि तू मला म्हणालीस, ‘तू जा, माझ्यासाठी थांबलीस तर मी दोन महिने तुझं तोंड बघत बसेन.’ मी निघाले. खिडकीवर काय सांगायचं, याचा विचार मी अख्खा रस्ताभर केला होता.

पण फॉर्मवर एक ओळ आहे: ‘आपण बाहेर असताना कुत्र्याजवळ थांबणाऱ्या व्यक्तीचे नाव.’ त्यापुढे मी तुझं नाव लिहिलं. नातं, आत्या. खाली सही केली. मॅनेजर लेव्हिट म्हणून सत्तरीचे गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, ‘आत्याबाई कुठं आहेत?’ मी म्हणाले, ‘गाडीत. थकल्यात.’ म्हणजे दोन खोट्या गोष्टी, आणि तुला लिहिलेली तिसरी.

काल सकाळी नऊला जुबलला खोलीत ठेवलं, दार ओढून घेतलं आणि गेले. झायन पार्कमध्ये नदीतून चालत जायची वाट आहे, ती अर्धी केली. तो हृदयाचा रोगी म्हातारा प्राणी खोलीत रडत असेल, आणि लेव्हिट दाराशी येऊन माझं खोटं पकडतील, एवढंच डोक्यात होतं. चारला परत आले. लेव्हिट खिडकीत बसले होते.

‘तुमच्या आत्याबाई फटकळ आहेत हं,’ ते म्हणाले.

‘का? काय झालं?’

‘अकराला बर्फ न्यायला आल्या. मी म्हटलं, बादली मी पोचवतो, पायाला त्रास कशाला. तर म्हणतात, पाय माझा आहे, तुम्ही तुमची खिडकी सांभाळा.’ आणि हसले. ‘पण कुत्रं काय गप्प ठेवलंय. तुमच्यासारखी माणसं आली तर मी सगळ्या खोल्या कुत्र्यांना देईन.’

कुत्रेवाल्यांच्या खोल्या इथे दोनच, तळमजल्यावर टोकाला. मला वाटलं, शेजारच्या खोलीतली कुणी बाई असेल. मग राहवेना म्हणून विचारलं. शेजारी टेक्सासचा एक शिकारी आहे, एकटा. हे लिहून तुला उगाच त्रास देते आहे, पण गाळलं तर परत दुरुस्तीचं पत्र लिहावं लागेल. जुबलच्या पाण्याच्या भांड्यात बर्फाचे दोन तुकडे होते. ते मी टाकले नव्हते.

तुझा खुबा कसा आहे? उत्तर पँग्विचच्या मोटेलवर पाठव, मंगळवारी मी तिथे असेन.

तुझी,
तिर्झा

*

हॅरो, नेब्रास्का
मंगळवार, १८ सप्टेंबर

तिर्झा,

पत्र मिळालं. पेन्सिल हातात घेऊनच वाचलं, सवय जात नाही. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. चुका सगळ्या वागण्यातल्या. तुझ्या आईने तुम्हा पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा पत्रलेखन माझ्याकडे दिलं आणि खरं बोलणं स्वतःकडे ठेवलं. तेव्हा बोल लावायचाच तर तिला लाव.

लेव्हिटचं मनावर घेऊ नकोस. सत्तरीच्या पुरुषाला साठीपुढच्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात. गुरुवारी मी कुठे होते म्हणशील, तर माझ्या खुर्चीत. डॉक्टरने दुखण्यावर नवी गोळी दिली आहे. सकाळी नऊला घेते आणि कॉफी प्यायच्या आत डोळा लागतो. उठते ती चारला. कानातली यंत्रं मी आधीच काढून ठेवते, त्यामुळे शेजारच्या व्हर्लिनने दार वाजवलं तरी पत्ता लागत नाही. दूध पायरीवर ठेवून जातो बिचारा. गुरुवारी झोपेत पायांवर माझी मेबल कुत्री येऊन पडली होती. एप्रिलमध्ये ती गेल्यापासून पहिल्यांदा आली. चांगलं वजन होतं. जाग आली तेव्हा पायांना ऊब होती, आणि म्हणून मला उठायचं नव्हतं. बस, एवढंच.

पँग्विचच्या फॉर्मबद्दल. तो आणि पुढचे दोन आपण जुलैमध्येच पोस्टाने पाठवले होते, सह्यांसकट. तेव्हा ते खरं होतं. मालकिणीला सांगायचं असेल तर सांग. पण मग जुबलला घेऊन मोटेलच्या आवारात फेऱ्या मारत बस आणि ब्राइसची दरी चित्राच्या कार्डावर बघ. तुला तेवीस वर्षं झाली, तू अजून घरापासून दीडशे मैलांपलीकडे गेली नव्हतीस. मला वाटतं, ती बाई विचारेपर्यंत तू गप्प बसावंस.

ऑर्डिथआत्या

ता.क. पुन्हा कुठे तसा नळ असला तर तोंडाला दोरा बांधून तो खाली भांड्यात सोड. टपटप थांबते.

*

थिसल मोटेल, पँग्विच, युटा
शुक्रवार, २१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

स्प्रिंगडेलचा न्हाणीतला नळ गळत होता. हे मी तुला लिहिलेलं नाही. माझ्या दोन्ही पत्रांच्या नकला वहीत आहेत; मी तीन वेळा तपासल्या.

इथल्या मालकीण नयनाबेन भक्त, गुजरातच्या. त्यांनी फॉर्म फायलीत लावून ठेवला होता. आल्यावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, ‘दोघी ना? बरं.’ आणि किल्ली दिली. मी गप्प बसले. गप्प बसणं हे खोटं असतं का, असा निबंध तू मला अकराव्या वर्षी लिहायला लावला होतास. तेव्हा मी ‘असतं’ असं लिहून चांगला शेरा मिळवला होता.

बुधवारी मी नऊला ब्राइसला गेले. दरीत उतरताना दगडांचे उभे खांब असे गर्दी करून असतात की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत असं वाटतं. पार्कच्या कार्यालयातून अकराला तुला फोन लावला. तीस वेळा वाजू दिला. तू यंत्रं काढून ठेवतेस हे माहीत आहे, म्हणून स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी नयनाबेन आवारात चादरी काढत होत्या.

‘तुमच्या आत्या अगदी माझ्या सासूबाई,’ त्या म्हणाल्या. ‘दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, कुत्रा पायावर. मी मेथीचे गरम थेपले घेऊन गेले. म्हणाल्या, ही गवत घातलेली पोळी आहे का? मी म्हटलं, खाऊन तर बघा. दोन खाल्ले, आणि वर म्हणतात, गवत बरं होतं.’

मी विचारलं, ‘त्यांनी काय घातलं होतं?’

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. ‘तुम्हीच सकाळी बघितलं असेल ना? निळा झगा. उजव्या खिशावर इस्त्रीचा डाग. आणि डावा पाय ओढतात. डॉक्टरला दाखवा हो, असं अंगावर काढू नये.’

आत्या, तो डाग मी पाडला होता, नऊ वर्षांची असताना. तो झगा तू घराबाहेर कधी घालत नाहीस.

मग मी एक गोष्ट केली. जुबलची दुपारची हृदयाची गोळी मी रोज परत आल्यावर देते. काल मुद्दाम डबीतल्या गोळ्या मोजून गेले. परत आले तेव्हा काल दुपारच्या खणातली गोळी नव्हती, आणि बेसिनमध्ये चमचा होता, शेंगदाण्याचं लोणी लागलेला. गोळी लोण्यात दाबून द्यायची युक्ती तुझी आहे. जुबल मला बघून उठला नाही. खिडकीपाशी खुर्ची आहे, तिच्यासमोर पडून होता आणि शेपटी हळूहळू जमिनीवर आपटत होता. खुर्ची रिकामी होती. मी हात लावला. बसायची जागा गरम होती. बैठकीवर ऊन आलेलं असेल, असं लिहिणार होते. पण ती खिडकी उत्तरेला आहे.

कृपा करून एक कर. व्हर्लिनला सकाळी दहाला घरात येऊन तुला हलवून बघायला सांग. त्याच्याकडे किल्ली आहे. मला टॉरीच्या पत्त्यावर कळव. मला फार भीती वाटते आहे, आणि हे सगळं मी एका ओळीत तुझं नाव लिहिल्यामुळे झालं आहे.

तिर्झा

*

हॅरो, नेब्रास्का
मंगळवार, २५ सप्टेंबर

तिर्झा,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. डाव्या पायाला पट्टी आहे आणि वही गुडघ्यावर धरून लिहिते आहे.

तुझं पत्र काल संध्याकाळी वाचलं. व्हर्लिनला सांगायची गरज पडली नाही, तो शनिवारी आपणहून आत आला होता. दोन दिवसांचं दूध पायरीवर बघून घाबरला. काल मला म्हणतो, ‘ऑर्डिथ, तू शनिवारी कुठे गेली होतीस?’ मी म्हटलं, ‘मला काय पंख आहेत?’ तर म्हणतो, ‘खुर्चीत पांघरूण होतं. पांघरुणाला तुझा आकार होता. तू नव्हतीस.’ आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला, जसा माझ्या अंत्यविधीला आला आहे.

आता मी तुला खरं सांगते, कारण तुझ्याकडून कबुल्या घेऊन मी स्वतः लपवणं बरं नाही. पहिल्या दिवशी खिडकीबाहेर मला तांबडा कडा दिसला होता. मी स्वप्न म्हणून सोडून दिलं. पण स्वप्नातल्या पोळीची कडसर चव संध्याकाळी तोंडात राहत नाही. आणि माझ्या झग्यावर जुबलचे पांढरे केस आहेत. मेबल काळी होती.

मला भीती वाटली नाही. तिथे माझा खुबा दुखत नाही, फक्त पाय मागे राहतो. जुबल माझ्या पायांवर पडतो. मी त्याच्याशी बोलते. लोक येतात, दोन शब्द बोलतात. इथे मी आठ दिवसांत व्हर्लिनची टोपी आणि धान्याची कोठी याखेरीज काही बघत नाही. चारला खोली आपोआप पातळ होते आणि मी खुर्चीत असते. हल्ली जरा उशीर होतो. शनिवारी साडेपाच झाले.

पण काल दुपारी बाराला तू काय केलंस?

मी जुबलचा कान खाजवत बसले होते आणि खोली माझ्याखालून निघून गेली. घर आलं नाही. मी गावाबाहेरच्या रस्त्यावर, टपालाच्या पेट्यांपाशी उभी होते, झग्यात, अनवाणी, आणि मला माझं घर कुठल्या दिशेला आहे ते आठवेना. माझं आडनाव आठवेना. व्हर्लिनने ट्रकमध्ये घालून आणलं. तळव्याला कापलं होतं. त्याने धुतलं, तर बादलीत तांबडी माती आली. आपल्याकडे तांबडी माती नाही.

जे केलंस ते पुन्हा करू नकोस.

ऑर्डिथआत्या

*

लँटर्न कोर्ट मोटेल, टॉरी, युटा
शुक्रवार, २८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

मी तुझं नाव खोडलं.

सोमवारी मी ब्राइसला जायला निघाले, पण वाटेतून परत फिरले. सरळ नयनाबेनच्या खिडकीवर गेले आणि म्हणाले, ‘फॉर्ममध्ये चूक आहे, ती मला दुरुस्त करायची आहे.’ त्या म्हणाल्या, ‘आज निघणार आहात, आता कशाला?’ मी म्हणाले, ‘माझी आत्या माझ्यासोबत नाही. कधीच नव्हती.’ त्या हसल्या. ‘अहो, आत्ता तर दारात बसल्यात.’ तरी मी कागद मागून घेतला. तुझ्या नावावर रेघ मारली, शेजारी सही केली, वेळ लिहिली. बारा वाजून दोन मिनिटं. मला तसंच शिकवलं आहे, चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करायची. तू त्या क्षणी खोलीत आहेस, आणि मी तुझ्या पायाखालचा कागद काढून घेते आहे, हा विचारच आला नाही. नयनाबेन बाहेर डोकावल्या. म्हणाल्या, ‘गेल्या वाटतं आत.’ मी खोलीकडे पळाले. जुबल दाराबाहेर उभा राहून रस्त्याकडे बघत होता. तो त्या दिवशी जेवला नाही.

टॉरीच्या कागदाला मी हात लावलेला नाही. तो खिडकीमागे पाटीला अडकवलेला आहे, तुझं नाव इथून वाचता येतं. खोडायची मला भीती वाटते आणि तसंच ठेवायचीही. म्हणून मी खोलीतून निघतच नाही. मी बाहेर गेले नाही तर तुला यावं लागत नाही, असा माझा हिशेब आहे. मंगळवारपासून मी आणि जुबल समोरासमोर बसलो आहोत. मॅनेजर बाई दुपारी म्हणाल्या, ‘पार्क बघायला आलात ना? की भिंत?’

हिशेब बरोबर असेल तर तू चार दिवस तुझ्या खुर्चीत आहेस. तसं असेल तर कळव. पण जुबल माझ्याकडे पाठ करून बसतो. नऊ वाजले की उठून दाराकडे बघतो, मग माझ्याकडे. आणि मी अजून इथेच आहे हे बघून परत पडतो. जणू मीच त्याच्या वाटेत आले आहे.

मोआबचा फॉर्मही जुलैपासून तिथे आहे. पाच ऑक्टोबरपासूनचा.

मला क्षमा कर.

तिर्झा

*

(लँटर्न कोर्टच्या छापील कागदावर)
सोमवार, १ ऑक्टोबर

तिर्झा,

तू जुबलच्या गोळ्या आणायला रिचफील्डला गेली आहेस, म्हणजे मला तीनपर्यंत वेळ आहे. तुझी चिठ्ठी वाचली, ‘जुबल हलायला तयार नाही, लवकर येते’. तो का हलला नाही ते आता तुला कळलं असेल. शुक्रवारचं पत्रही वाचलं. तुझ्या वहीतली नक्कल वाचली. पोस्टातलं माझ्या घरी आज पोचेल, पण घरी मी नाही.

तुझा हिशेब बरोबर होता. सहा दिवस मी खुर्चीत होते. सहा दिवस कोठी बघितली. तुझ्यावर मी रागावले नाही, पण तू हे माझ्या भल्यासाठी करते आहेस असं समजू नकोस. तुझं मन साफ राहावं म्हणून करते आहेस. दोन्हींत फरक आहे, आणि तो मी तुला शिकवला नाही, ही माझी चूक.

दुसरं. परतीची वाट लांबते आहे. खोली चारला पातळ होत नाही आता. मला उठून शोधत जावं लागतं, आणि मधे एक लांबलचक जागा आहे तिथे काही नाही, थंडीसुद्धा नाही. पुढच्या खेपेला मी ती चालेन की नाही, सांगता येत नाही. मला त्याचं फार काही वाटत नाही. इथे ऊन चांगलं आहे.

मोआबच्या कागदावर माझं नाव राहू दे. तू तिथल्या दगडी कमानी बघायला जा. मी याच्यापाशी बसते.

ऑर्डिथ

*

लँटर्न कोर्ट मोटेल, टॉरी, युटा
मंगळवार, २ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र पलंगाशेजारच्या खणात बायबलवर ठेवलेलं मिळालं. त्याला तिकीट नव्हतं. अक्षर तुझंच आहे. शेवटी तू ‘आत्या’ लिहिलं नाहीस, हे मी पाहिलं.

काल रात्री मी व्हर्लिनला फोन केला. तू घरी सातला आलीस म्हणाला. तो चारपासून तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर बसला होता. म्हणाला, ‘येताना दिसली नाही. एकदा पांघरूण होतं, मग ती होती. ओठ निळे. मला ओळखायला तिला बराच वेळ लागला.’ मी विचारलं, ‘गोळी बंद केली तर?’ तर म्हणाला, ‘पोरी, गोळ्यांची बाटली पंधरा दिवस उघडलेली नाही.’ हे तू मला लिहिलं नव्हतंस.

माझ्या मनाच्या साफपणाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. म्हणून आता मन बाजूला ठेवून काय करता येईल तेवढंच लिहिते.

नाव मी खोडणार नाही. तू आत असताना तर नाहीच, आणि मोआबचंही नाही. पण तू त्या लांब जागेतून पुन्हा पुन्हा चालत यावंस, हे मी होऊ देणार नाही. कागदावर लिहिलेलं खोटं दोन रीतींनी संपतं: शब्द पुसून, किंवा ते खरं करून. पहिली रीत मी करून बघितली आणि तुझा तळवा कापला. दुसरी करायला तुला गाडीत बसावं लागेल, खुबा मोडलेला असताना, सहाशे मैल. डॉक्टर नाही म्हणाले आहेत. ते म्हणाले ते मला पाठ आहे. मी मागची बैठक काढून टाकली आहे, तिथे गादी घातली आहे, आणि जुबल तुझ्या पायांवर पडेल इतकी जागा ठेवली आहे. वाटेत तुला काही झालं तर तो दोष माझा, आणि तो मी कुणाला एका ओळीत समजावून सांगू शकणार नाही. तरीही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पोस्टाला तीन दिवस लागतात, फोन तुला ऐकू येत नाही, आणि व्हर्लिनने सांगितलेलं तू मानणार नाहीस. हे मी खणात ठेवते आहे. उद्या सकाळी नऊला मी जुबलला इथे ठेवून बाहेर जाईन. तुला यावं लागेल हे माहीत असून, मुद्दाम. आजवर जे चुकून केलं ते उद्या एकदा जाणून करते आहे, कारण तुझ्यापर्यंत पोचायची दुसरी वाट मला माहीत नाही. वाचून झालं की लगेच नीघ. ऊन कितीही चांगलं असलं तरी बसू नकोस, मधल्या जागेत थांबू नकोस. माझं तुझ्याकडे कधी काही मागणं नव्हतं, हे आहे. व्हर्लिन सकाळपासून तुझ्या खुर्चीशेजारी असेल. तुला आडनाव आठवलं नाही तर तो सांगेल, मी त्याला लिहून घ्यायला लावलं आहे.

तू पोचल्याचा त्याचा फोन आला की मी इथली किल्ली परत देईन, संध्याकाळी. तेव्हा खोलीत कुणी नसेल, आणि हा कागद आपोआप संपेल. मग निघेन. बुधवारी आणि गुरुवारी मी कुठल्याही मोटेलात उतरणार नाही, कुठेही सही करणार नाही, गाडीतच झोपेन.

मोआबचा कागद शुक्रवारपासून लागू होतो. तो लागू व्हायला खोलीत कुत्रा असावा लागतो की नुसतं नाव पुरतं, हे मला माहीत नाही, आणि मला ते कळून घ्यायचं नाही. म्हणून त्या दिवशी नऊ वाजायच्या आत तुझा हात माझ्या हातात असायला हवा. मोआबला आपण एक दिवस उशिरा पोचू. मी तुला दारात खुर्ची टाकून देईन आणि मॅनेजरला सांगेन की कागदावरच्या आत्याबाई त्या याच.

तू फक्त तोवर घरी राहा. मी येते आहे. शुक्रवार, ५ ऑक्टोबर, सकाळी नऊच्या आत.

तुझी,
तिर्झा